रद्दीतून कपाटात : वर्तमानपत्री कॉमिक स्ट्रिपचे खंड जमवताना

सकाळी वर्तमानपत्र, संध्याकाळी रद्दी आणि महिनाअखेरीला तराजूत. या कागदाबरोबर बातम्या जातात, भाव जातात आणि आतल्या पानावरची तीन-चार चौकटींची कॉमिक स्ट्रिपही जाते. अनेक घरांत अग्रलेखाच्या आधी ती वाचली जाते, पण कापून ठेवणारा विरळाच. तरीही गेल्या वीस-बावीस वर्षांत जगातल्या गाजलेल्या स्ट्रिप पहिल्या दिवसापासून तारीखवार लावून, पुठ्ठा बांधणीच्या जाडजूड खंडांत पुन्हा छापल्या गेल्या. वेताळ, मँड्रेक, पीनट्स, प्रिन्स व्हॅलियंट, डिक ट्रेसी, कॅल्विन अँड हॉब्स ही त्यातली ठळक नावे.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. लहानपणी जे भाड्याने आणून वाचले ते आता विकत घेऊन कपाटात लावावे, असे अनेकांना वाटते. मात्र हे खंड महाग असतात, मध्येच बाजारातून नाहीसे होतात आणि सगळेच 'संपूर्ण' नसतात. हे खंड कसे तयार होतात, कोणत्या खंडात काय मिळते आणि घेण्यापूर्वी काय तपासावे, याची ही माहिती.

रोजची पट्टी आणि रविवारचे पान

अमेरिकेत कॉमिक स्ट्रिप एका वर्तमानपत्रापुरती नसते. चित्रकार ती सिंडिकेटला देतो आणि सिंडिकेट तिची प्रूफे शेकडो वर्तमानपत्रांना पाठवते. सोमवार ते शनिवार एका ओळीची काळी-पांढरी पट्टी आणि रविवारी पुरवणीत मोठे रंगीत पान, अशी जुनी पद्धत होती.

संग्रह करणाऱ्याने लक्षात ठेवण्याची पहिली गोष्ट म्हणजे रोजची पट्टी आणि रविवारचे पान यांची गोष्ट दर वेळी एकच नसते. ली फॉक यांचा वेताळ, म्हणजे फँटम, रोजच्या पट्टीत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाला. रविवारचे पान २८ मे १९३९ पासून आले आणि त्यात वेगळ्या कथा चालत. म्हणून वेताळाच्या संग्रहाच्या दोन मालिका असतात, एक दैनिक पट्ट्यांची आणि दुसरी रविवारच्या पानांची. एकीत दुसरी सापडणार नाही. हॅल फॉस्टर यांचा प्रिन्स व्हॅलियंट (सुरुवात १३ फेब्रुवारी १९३७) फक्त रविवारीच येत असे. त्याचे दैनिक खंड शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट रविवारच्या पानाच्या मांडणीची. जागा कमी असली की वर्तमानपत्रे पानातल्या काही चौकटी सरळ गाळत. सिंडिकेटही मांडणी तशीच ठेवायला सांगे, म्हणजे वरची ओळ काढली तरी गोष्ट अडू नये. त्यामुळे एकाच रविवारचे पान एका गावात पूर्ण तर दुसऱ्या गावात कमी चौकटींचे छापलेले असे. कॅल्विन अँड हॉब्सचे बिल वॉटरसन या पद्धतीला वैतागले होते. पहिल्या दीर्घ रजेवरून १९९२ मध्ये परतल्यावर त्यांनी आपले रविवारचे पान न तोडता छापावे, अशी व्यवस्था करून घेतली. त्यांच्या संग्रहात १९९२ नंतरची रविवारची पाने वेगळी, मोकळी दिसतात ती यामुळे.

रद्दी जपणारा माणूस

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्ट्रिपचा खंड काढायचा तर प्रकाशकाला चित्रे कुठून तरी मिळवावी लागतात. त्याचे चार मार्ग आहेत : चित्रकाराचे मूळ चित्र, सिंडिकेटचे प्रूफ, प्रत्यक्ष छापलेले वर्तमानपत्र आणि शेवटी मायक्रोफिल्म. मूळ चित्रे अनेकदा भेट म्हणून वाटली गेली, विकली गेली किंवा हरवली. प्रूफेही सगळी राहिली नाहीत. उरले वर्तमानपत्र.

नेमके तेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून बाहेर पडत होते. जागेची अडचण म्हणून बांधीव फाइलींची मायक्रोफिल्म काढायची आणि कागद टाकून द्यायचा, असा सपाटा चालला होता. मायक्रोफिल्म काळी-पांढरी. मजकूर वाचता येतो, पण रविवारच्या पानांचे रंग गेले ते गेलेच, आणि बारीक रेषा काळ्या डागात बुडाल्या. या प्रकारावर निकोल्सन बेकर यांनी २००१ मध्ये 'डबल फोल्ड' नावाचे पुस्तक लिहिले, त्यावर तिकडे बराच वाद झाला.

पण त्याच्या कितीतरी आधी सॅन फ्रान्सिस्कोतल्या बिल ब्लॅकबिअर्ड यांनी हा कागद गोळा करायला सुरुवात केली होती. ग्रंथालये खासगी माणसाला फाइली देत नव्हती, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट' ही ना-नफा संस्था स्थापन केली. संस्थेचा पत्ता म्हणजे त्यांचे घर. फाइली घरात आणायच्या, स्ट्रिप कापायच्या आणि तारखेनुसार लावायच्या, हे काम तीन दशके चालले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा तो हलवायला सहा मोठे ट्रक लागले. वजन सुमारे ७५ टन आणि कात्रणे व पाने मिळून संख्या सुमारे २५ लाख. आज तो कोलंबस येथील बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियममध्ये आहे. ब्लॅकबिअर्ड २०११ मध्ये वारले.

मार्टिन विल्यम्स यांच्यासह त्यांनी संपादित केलेला 'द स्मिथसोनियन कलेक्शन ऑफ न्यूजपेपर कॉमिक्स' १९७७ मध्ये निघाला. त्यानंतर निघालेल्या पुनर्मुद्रणांपैकी कित्येकांची मुळे या एका घरातल्या कात्रणांत सापडतात. म्हणजे आज जो खंड हजारो रुपये मोजून घेतला जातो, तो शक्य झाला कारण कुणीतरी तेव्हा रद्दी विकली नाही. ज्या स्ट्रिपला असा माणूस भेटला नाही, तिचे खंड अर्धवट राहिले किंवा निघालेच नाहीत.

इंद्रजालचा वेताळ आणि मूळ वेताळ

मराठी वाचकाला वेताळ भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन अँड कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंग्रजीत हे प्रकाशन सुरू केले. पुढे हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही ते येऊ लागले. १९९० मध्ये बंद होईपर्यंत ८०३ अंक निघाले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक अंकांत वेताळच होता. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर यांचीही ओळख इथेच झाली.

या अंकांना आज जुन्या बाजारात मोठी मागणी आहे. आठवण म्हणून ते जमवणे वेगळे आणि मूळ स्ट्रिप वाचायची म्हणून जमवणे वेगळे. कारण इंद्रजालमध्ये आलेली गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रातली पट्टी जशीच्या तशी नव्हे. आडव्या पट्ट्या उभ्या पानावर बसवताना चौकटी कापल्या, जुळवल्या, गाळल्या गेल्या, कारण गोष्ट ठराविक पानांत संपवायची होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना रंग इथे दिला गेला.

नावेही बदलली. फॉक यांच्या सुरुवातीच्या कथांत वेताळाचा देश 'बंगाली' नावाचा होता आणि समुद्री चाच्यांची टोळी 'सिंघ' नावाची. भारतीय वाचकाला ही नावे खटकली असती हे उघड आहे. इंद्रजालने देशाचे 'डेंकाली' केले, चाच्यांचे 'सिंगा' केले आणि वेताळाच्या पित्याचा खुनी 'रामा' याचा 'रामालू' झाला. मूळ स्ट्रिपमध्ये पुढे देशाचे नाव 'बंगाला' झाले. त्यामुळे इंग्रजी खंड हातात घेतल्यावर डेंकाली कुठे गेले, असा प्रश्न पडला तर तो खंडाचा दोष नाही.

मूळ पट्ट्या तारीखवार वाचायच्या तर हर्मिस प्रेस या अमेरिकी प्रकाशनाने २०१० पासून काढलेली मालिका हा एक मार्ग आहे. तिच्यात रे मूर यांनी काढलेला पहिल्या वर्षांचा वेताळ सापडतो. सावल्यांनी भरलेला हा गंभीर वेताळ विल्सन मॅकॉय आणि सी बॅरी यांच्या चित्रांची सवय असलेल्या वाचकाला सुरुवातीला अनोळखी वाटतो. मॅकॉय १९६१ मध्ये वारले आणि त्यानंतर बॅरी यांनी १९९४ पर्यंत चित्रे काढली. कथा मात्र फॉक यांनी मार्च १९९९ मध्ये निधन होईपर्यंत लिहिल्या. आठवड्याला सहा पट्ट्या धरल्या तर त्रेसष्ट वर्षांच्या एकोणीस हजारांहून अधिक नुसत्या दैनिक पट्ट्या होतात. वेताळ 'पूर्ण' जमवण्याच्या गोष्टी करण्याआधी हा आकडा समोर ठेवलेला बरा.

इंद्रजालचा एक नायक या हिशेबात बसत नाही, तो म्हणजे बहादूर. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेला हा नायक कोणत्याही परदेशी वर्तमानपत्रातून आला नव्हता, तो इंद्रजालसाठीच काढला गेला. त्यामुळे बहादूरच्या बाबतीत इंद्रजालचा जुना अंक हीच मूळ प्रत आहे. पैसे मोजायचेच तर आधी या अंकांवर मोजावेत.

कोणते संच पूर्ण झाले, कोणते रखडले

पीनट्स : चार्ल्स शुल्झ यांची ही स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० अशी चालली. एकूण १७,८९७ पट्ट्या, सगळ्या एकाच माणसाने काढलेल्या. फँटाग्राफिक्सने २००४ ते २०१६ या काळात वर्षाला दोन खंड या वेगाने 'द कंप्लीट पीनट्स' पूर्ण केले. एका खंडात दोन वर्षे, असे २५ खंड आणि इतर साहित्याचा सव्विसावा. सरासरी काढली तर खंडाला सातशेच्या वर पट्ट्या पडतात. पंचविसाव्या खंडाची प्रस्तावना बराक ओबामा यांची आहे. या मालिकेत रविवारची पानेही काळी-पांढरी छापली आहेत. रंगीत हवी असतील तर 'पीनट्स एव्हरी संडे' ही दहा खंडांची वेगळी मालिका आहे.

कॅल्विन अँड हॉब्स : १८ नोव्हेंबर १९८५ ते ३१ डिसेंबर १९९५. पट्ट्या ३,१६०. तीन जाड खंडांची पेटी २००५ मध्ये निघाली, पुढे २०१२ मध्ये साध्या बांधणीत चार भाग आले. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी हा सर्वांत सोपा संच, कारण तो एका खरेदीत संपतो.

डिक ट्रेसी : चेस्टर गूल्ड यांनी १९३१ ते १९७७ काढलेल्या पट्ट्यांचे २९ खंड 'लायब्ररी ऑफ अमेरिकन कॉमिक्स' या डीन मुलानी यांच्या प्रकाशनाने काढले. याच प्रकाशनाची सुरुवात २००७ मध्ये मिल्टन कॅनिफ यांच्या 'टेरी अँड द पायरेट्स'ने झाली. कॅनिफ यांची १९३४ ते १९४६ ही सगळी वर्षे त्यात सहा खंडांत बसली.

प्रिन्स व्हॅलियंट : फँटाग्राफिक्सने २००९ पासून नव्याने काढलेली मालिका सिंडिकेटच्या मूळ रंगीत प्रूफवरून तयार केली आहे. त्याच प्रकाशकाची जुनी मालिकाही वापरलेल्या पुस्तकांत दिसते, पण दोन्हींच्या रंगांत मोठा फरक आहे. नुसते प्रकाशकाचे नाव पाहून घेतले तर फसगत होते, म्हणून वर्ष पाहावे.

लिटल निमो : विन्सर मॅके यांचे हे रविवारचे पान १९०५ मध्ये सुरू झाले. शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, सनडे प्रेसने निवडक पाने मूळ वर्तमानपत्राच्या आकारात, म्हणजे १६ बाय २१ इंचांत छापली. पुस्तक सुंदर आहे, पण आपल्याकडच्या साध्या कपाटात ते उभे राहत नाही, हे घेण्याआधी कळलेले चांगले.

क्रेझी कॅट : रखडलेल्या संचाचा हा धडा आहे. जॉर्ज हेरिमन यांच्या रविवारच्या पानांचे खंड इक्लिप्स या प्रकाशकाने १९८८ पासून काढले. १९१६ ते १९२४ पर्यंतची वर्षे झाली आणि प्रकाशन थांबले, पुढे कंपनीच बंद पडली. फँटाग्राफिक्सने २००२ मध्ये १९२५ पासून पुढचे खंड सुरू केले, तेही ब्लॅकबिअर्ड यांच्याच संपादनाखाली. आधीची वर्षे त्यांनी नंतर पुन्हा छापली. या मधल्या काळात जुने इक्लिप्स खंड नसलेल्यांचा संच पुढच्या अर्ध्यापासून सुरू होत होता.

घेण्यापूर्वी काय पाहावे

मुखपृष्ठावर 'कंप्लीट' लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये. दुकानात असाल तर पुस्तक उघडून पाहावे, ऑनलाइन घेत असाल तर आतल्या पानांचे फोटो मागावेत. पुढील गोष्टी तपासाव्यात.

तारखा : प्रत्येक पट्टीखाली किंवा पानाच्या तळाशी मूळ तारीख असेल तर संपादकाने काम नीट केले आहे. 'बेस्ट ऑफ' किंवा 'ट्रेझरी' म्हणजे अनेकदा निवड किंवा आधीच्या छोट्या पुस्तकांचे एकत्रीकरण. कॅल्विनची 'इसेन्शियल' ही ट्रेझरी पहिल्या दोन छोट्या पुस्तकांची मिळून झाली आहे. तिन्ही घेतली तर त्याच पट्ट्या दोनदा विकत घेतल्या जातात.

दैनिक की रविवार : वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही एकत्र आहेत की वेगळे, हे अनुक्रमणिकेत पाहावे.

मूळ स्रोत : प्रस्तावनेत किंवा शेवटच्या पानावर चित्रे कुठून घेतली ते दिलेले असते. प्रूफवरून छापलेले सर्वांत स्वच्छ. मायक्रोफिल्मवरून घेतलेले असेल तर बारीक रेषा तुटलेल्या आणि काळे भाग भरलेले दिसतात. पैसे त्या हिशेबाने द्यावेत.

चौकटींचा आकार : छोट्या पानात तीन-चार पट्ट्या कोंबल्या असतील तर फुग्यातली अक्षरे साठीनंतर भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. आडव्या आकाराची पुस्तके या दृष्टीने सोयीची.

मजकुराचे स्वरूप : पूर्ण खंडात त्या काळचे सगळेच येते. मँड्रेकचा साथीदार लोथार सुरुवातीला ज्या पद्धतीने रंगवला गेला किंवा 'टेरी'मधली चिनी पात्रे जशी बोलतात, ते आज वाचवत नाही. नव्या आवृत्त्यांत अनेकदा त्यावर संपादकीय टीप असते. नातवंडांच्या हातात देण्याआधी मोठ्यांनी चाळून घ्यावे.

पैशांचा हिशेब

हे खंड बहुतेक करून अमेरिकेत प्रसिद्ध होतात. पुस्तक जड असल्याने टपालखर्च जबर पडतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्कही लावले गेले. म्हणून किंमत पाहताना छापील किंमत, टपाल, शुल्क आणि डॉलरचा भाव हे चारही धरूनच बेरीज करावी. भारतात साठा असलेल्या विक्रेत्याकडून घेतलेला खंड वरवर महाग वाटला तरी शेवटी अनेकदा स्वस्त पडतो.

मोठ्या संचात खरा खर्च मधल्या खंडांचा असतो. पहिला खंड जास्त छापला जातो, शेवटचा ताजा असतो. मधले खंड कमी प्रतींत निघतात, लवकर संपतात आणि पुन्हा छापले जातीलच याची खात्री नसते. मग जुन्या बाजारात त्या एका खंडाची किंमत पाच खंडांच्या बरोबरीला जाते. म्हणून चालू मालिका घेत असाल तर नवा खंड निघताच घ्यावा. संपलेली मालिका घेत असाल तर आधी सर्वांत दुर्मीळ खंड कोणता ते शोधावे आणि तो मिळाल्यावरच बाकीच्यांकडे वळावे. उलट केले तर घरात चोवीस खंड आणि एक भोक, अशी अवस्था होते.

वापरलेल्या पुस्तकांसाठी हैदराबादला आबिड्सचा रविवारचा पुस्तकबाजार, मुंबईत फ्लोरा फाउंटनचा परिसर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक ही ओळखीची ठिकाणे आहेत. जुने इंद्रजाल घेताना मधले जोडपान जागेवर आहे का, पिन गंजली आहे का आणि मुखपृष्ठ मूळ आहे की रंगीत झेरॉक्स, हे तीन प्रश्न विक्रेत्यासमोरच सोडवून घ्यावेत.

पावसाळी गावातले कपाट

बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, गोवा या पट्ट्यात चार महिने हवेत ओल असते. कागदाला ती सर्वांत वाईट. बाहेरच्या भिंतीला टेकवलेले कपाट ओल खेचते, म्हणून भिंत आणि कपाट यांत चार बोटे अंतर ठेवावे. खंड उभे ठेवावेत. फार जड असतील तर आडवे ठेवावेत, पण एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात हवाबंद केलेला ओलसर अंक आतल्या आत बुरशी धरतो. पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावरच पिशवीत भरावे आणि सिलिका जेलची पुडी ठेवावी. कसर आणि वाळवीसाठी महिन्यातून एकदा सगळे बाहेर काढून झटकणे, यासारखा उपाय नाही. डांबर गोळ्या ठेवल्या तर त्या कागदाला टेकू देऊ नयेत.

वर्तमानपत्राचा कागद मुळात टिकण्यासाठी केलेलाच नसतो. त्यात लाकडातले लिग्निन तसेच राहते आणि उजेड, हवा लागली की तो पिवळा पडून ठिसूळ होतो. कात्रणांना सेलोटेप लावू नये, काही वर्षांत तिथे तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशनही करू नये, ते पुन्हा काढता येत नाही.

आपल्या पट्ट्यांचे काय

परदेशी खंडांचा हा सगळा खटाटोप पाहिला की मराठी स्ट्रिपचा प्रश्न समोर येतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मधून सुरू झाला आणि त्याची संग्रह-पुस्तके निघाली. त्यामुळे ज्या घरी ते वर्तमानपत्र येत नव्हते त्या घरांतही चिंटू पोहोचला. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत 'धर्मयुग' साप्ताहिकातला आबिद सुरती यांचा ढब्बूजी असाच ओळखीचा. गोव्यात मारियो मिरांडा यांच्या चित्रांचे काम जेरार्ड द कुन्हा या वास्तुविशारदाने हाती घेतले. ठिकठिकाणी विखुरलेली चित्रे शोधून त्यांनी २००८ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथेही शोधणारा भेटला म्हणून ग्रंथ झाला.

जिल्हा दैनिकांत, रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत ज्या स्थानिक चित्रकारांनी वर्षानुवर्षे पट्ट्या काढल्या, त्यांचा खंड काढायचा तर आधी पट्ट्या हाताशी हव्यात. सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. एकाच वर्तमानपत्राच्या बेळगाव, गोवा, कोल्हापूर आवृत्त्यांची आतली पाने वेगळी असू शकतात. एका आवृत्तीची फाइल जपली म्हणजे सगळे जपले गेले, असे होत नाही.

जुन्या फाइली शोधायच्या तर सुरुवात ग्रंथालयांपासून करावी : बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, १८३२ पासूनचा वारसा सांगणारे पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, सयाजीरावांच्या काळात १९१० मध्ये उभे राहिलेले वडोदऱ्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, हैदराबादचे मराठी ग्रंथ संग्रहालय. कोणत्या वर्षापासूनच्या फाइली आहेत आणि कोणती आवृत्ती आहे, हे दोन प्रश्न ग्रंथपालांना आधी विचारावेत. छोट्या वाचनालयांतून फाइली रद्दीत निघणार असल्याचे कळले तर त्याआधी कार्यकारी मंडळाला पत्र देऊन त्या मागता येतात. व्यक्तीपेक्षा संस्थेच्या नावाने मागणी केली तर देणे सोपे जाते. ब्लॅकबिअर्ड यांनी हेच केले होते.

पुन्हा छापण्याच्या हक्काबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वर्तमानपत्राच्या नोकरीत केलेले चित्र नियतकालिकात छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. पुस्तकासह बाकीचे हक्क चित्रकाराकडे राहतात. चित्रकाराच्या निधनानंतरही साठ वर्षे हे हक्क वारसांकडे असतात. म्हणून खंड काढायचा तर पहिली भेट चित्रकाराच्या घरी. कदाचित मूळ चित्रेही तिथेच माळ्यावर असतील. खासगी संग्रहासाठी कापून ठेवायला कुणाची हरकत नसते. सगळ्या पट्ट्या स्कॅन करून समाजमाध्यमांवर टाकायच्या असतील तर मात्र परवानगी लागते.

आजपासून कापून ठेवायचे असेल तर पद्धत साधी आहे. पट्टी कापण्याआधी पूर्ण पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख, वर्तमानपत्राचे नाव, आवृत्तीचे गाव आणि पान क्रमांक लिहावा. शक्य असेल तर ३०० डीपीआय किंवा त्याहून जास्त क्षमतेने स्कॅन करून त्या फाइलला तारखेचेच नाव द्यावे, म्हणजे क्रम आपोआप लागतो. रविवारचे पूर्ण पान न कापता सपाट ठेवावे, घडीवर कागद आधी फाटतो. एखादा दिवस चुकला तर शेजाऱ्याकडे त्याच आठवड्यात विचारावे. महिना उलटला की ते पान रद्दीवाल्याकडे गेलेले असते.